नाना, तुमची नायट्याची गोळी

नाना, गावात बातमी अशी आहे की तुम्ही नायट्यानं गेलात.

तुम्ही असता तर आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला असता आणि मग म्हणाला असता, "लोकांना काहीतरी कारण लागतंच ना." पण ही बातमी लोकांनी काढलेली नाही. तुम्हीच ती गावात सोडली होती. तुम्ही गेल्यावर ती आता एकटीच हिंडते आहे, आणि परवा हिंडत हिंडत दुकानाच्या पायरीपर्यंत आली. त्यामुळे हे लिहिणं भाग पडलं.

लिहिते आहे मराठीत. माझ्या शाळेत बाईंना 'मिस' म्हणतात याची तुम्हाला इतकी गंमत वाटली होती की मी पाचवीत होते तेव्हापासून तुम्ही मला 'मिसबाई' म्हणत आलात. जळगावहून तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे पप्पा, मला घेऊन चाळीसगावला आले की तुम्ही दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायचात, "ही आमची मिसबाई. इंग्रजीत गप्प बसते." लोक हसायचे. मी खोकल्याच्या बाटल्यांच्या मागे जाऊन उभी राहायचे. तिथून सगळं दिसायचं आणि आपण कुणाला दिसत नसू. मला वाटतं, औषधांच्या शिक्षणाकडे मी वळले ती त्या बाटल्यांच्या मागूनच.

एम. फार्म.साठी धुळ्याला राहायला लागले तेव्हा दर शनिवारचं ठरूनच गेलं. धुळ्याच्या गाडीनं चाळीसगावला उतरायचं आणि जळगावची गाडी येईपर्यंत स्टेशन रोडवर तुमच्या औषधांच्या दुकानात बसायचं. तुम्ही उंच स्टुलावर, तुमचा मुलगा सुधीरदादा शिडीवर, मी आतल्या बाकावर. अक्का घरून डबा पाठवायच्या, किंवा मीच मागच्या गल्लीतल्या घरी जाऊन जेवून यायचे. काकू कुणी म्हणायचंच नाही, अख्ख्या गल्लीच्या त्या अक्का. आपण फारसं बोलायचो नाही. तुम्हाला गिऱ्हाईक असायचं आणि मला सवय नव्हती.

अशाच एका शनिवारी तुम्ही मला मागच्या खोलीत, खोक्यांच्या अडगळीत बोलावलंत. सुधीरदादा पुढे होता. तुम्ही कपाटातून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्या हातावर ठेवलीत आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत, "ही कशाची?"

"कीटोकोनॅझोल," मी म्हटलं. "बुरशीवर देतात."

"नायट्याची," तुम्ही म्हणालात. "धुळ्याच्या डॉक्टरांनी मला सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहून दिली आहे. मला नायटा नाही."

मी पट्टीकडे बघत राहिले आणि तुम्ही खोक्याकडे. मला कळलं होतं. त्याच वर्षी वर्गात मी त्याच गोळीवर बोलले होते. बुरशीसाठी ती जास्त प्रमाणात घेणाऱ्या काही पुरुषांच्या छातीला बायकांसारखा उभार यायला लागला, तेव्हा लक्षात आलं की ही गोळी शरीरातला पुरुषाचा रस, म्हणजे हार्मोन, तयार होऊ देत नाही. आणि त्या रसावर वाढणारा एक कॅन्सर असतो. वर्गात हे इंग्रजीत बोलताना मला काहीच वाटलं नव्हतं. समोर तुम्ही उभे होतात आणि माझ्याकडे एकही मराठी शब्द नव्हता.

"कुठपर्यंत गेलंय?" एवढंच विचारता आलं.

"कमरेच्या हाडात." मग तुम्ही सगळं सांगितलंत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लघवीचा त्रास, पाठ, तपासण्या. डॉक्टरांनी आधी सुचवलं ते अंडकोष काढून टाकायचं ऑपरेशन होतं. तो शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. 'ते' म्हणालात. 'ते' तुम्ही साफ नाकारलंत. दुसरी एक जुनी गोळी होती, पण तुमच्या हृदयाला ती झेपली नसती. उरली ही.

"घरात कुणाला माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "तू बोलत नाहीस, म्हणून तुला सांगतो. अक्काच्या कानावर जाता कामा नये."

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प असणं कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

पुढे जे झालं ते फक्त तुम्हालाच सुचू शकतं. दुकानातून त्या गोळीच्या पट्ट्या भराभर कमी होताहेत हे सुधीरदादाच्या ध्यानात आलं आणि त्यानं विचारलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मला नायटा झालाय." बास. अर्ध्या तासात घरी, संध्याकाळपर्यंत गल्लीत, आणि आठवड्याच्या आत गावात. ज्या माणसानं सगळा जन्म नायटेवाल्यांना काउंटरवरून झापलं, ओले कपडे घालून फिरता आणि वर गोळी मागता म्हणून, त्यालाच नायटा. लोकांना केवढा आनंद झाला, नाना. येता-जाता कुणीही तुम्हाला सल्ला द्यायचं. भाजीवाली म्हणायची, "नाना, वल्ला कपडा नका घालू." कुणी टाकळ्याचा पाला वाटून वाटीत आणून द्यायचं. न्हाव्यानं तुमच्यासाठी वस्तरा वेगळा काढला. अक्कांनी तुमचा टॉवेल, पंचा, चादर वेगळी केली आणि कडुनिंबाच्या पाण्यात उकळायला लागल्या. तुम्ही हे सगळं सोसलंत. कुणी पाला दिला तर आभार मानून घेतलात.

मी एकदा म्हटलं, नाना, नायट्याचीही लाजच असते ना लोकांना. तुम्ही म्हणालात, "नायटा वरून होतो."

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. आता थोडं कळतं.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर चालायचं. तुमचं म्हणणं, गोळीला एकच काम असतं आणि ते डब्यावर छापलेलं असतं. तापाची ती तापाची, नायट्याची ती नायट्याची. बुरशीवरच्या गोळीनं कॅन्सर हटवायचा म्हणजे न्हाव्याकडून दात काढून घेण्यासारखं आहे. मी म्हणायचे, तुरटी नाही का, पाणी निवळायलाही आणि दाढीनंतरही. तुम्ही म्हणायचात, "तुरटी औषध नाही, घरची आहे." मी म्हणायचे, गोळीला कुठं माहीत असतं डब्यावर काय लिहिलंय. एकदा यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे गोळीचा दोष होता, त्याचा डॉक्टरांनी गुण केला." मी हो म्हटलं. "मग माणसांच्या बाबतीत का नाही करत कुणी?" असं विचारून तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळलात. ते तुम्ही कुणाबद्दल बोललात ते मी विचारलं नाही. माझ्याबद्दल असावं असं आता वाटतं.

मी कॉलेजात काय करते हे तुम्ही तेव्हाच पहिल्यांदा नीट विचारलंत. मी सांगितलं, अंड्याच्या बलकातून एक प्रकारची चरबी वेगळी काढायची, काचेच्या गोल भांड्यात तिचा पातळ थर धरायला लावायचा, भांडं फिरवत ठेवायचं आणि त्यात पाणी घालायचं. चरबीचे आपोआप बुडबुडे होतात, इतके लहान की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. त्या बुडबुड्यांत बुरशीवरचं औषध भरायचं. बाहेर चरबी असल्यानं औषध शरीरभर सांडत नाही, वाटेत मूत्रपिंड-यकृत फारसं दुखावत नाही, हवं तिथं जास्त पोचतं. निदान पोचावं, अशी आशा असते.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "अगं, हे तर अक्का सुधीरला लहानपणी द्यायची तसं झालं. केळ्यात गोळी."

मला राग आला होता. दोन वर्षं मी ज्यावर घालवत होते त्याला तुम्ही केळ्यात गोळी म्हणालात. नंतर आमच्या सरांना मी ते सांगितलं तर ते हसून म्हणाले, अगदी बरोबर, फक्त केळं कुठं सोलायचं हे आपल्याला ठरवता येत नाही.

"मग माझी गोळी घाल की तुझ्या केळ्यात," तुम्ही म्हणालात. "बाकी सगळा माणूस कशाला कडू करायचा?"

मी सांगितलं, ते माणसांना द्यायचं नसतं. आम्ही शिकतो आहोत. आमचे बुडबुडे थोड्याच दिवसांत गळतात. आणि शिवाय अंड्याचं आहे. तुम्ही माळकरी नव्हतात, पण अंडं तुमच्या घरात शिजत नव्हतं. "नासलेलं औषध आणि वर विटाळ," तुम्ही म्हणालात. "सरकारनं तुला शिकवलं तरी कशाला?" आणि बरणीतली एक आवळ्याची गोळी माझ्या हातावर ठेवलीत. ती तुमची माफी असायची.

त्या गोळ्यांनी तुमचं पोट जळायचं. जेवण नको व्हायचं. आणि धुळ्याला रक्त तपासलं तर काही म्हणता काही उतार नव्हता. पाठदुखी वाढली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक महिना बघू. नाही तर 'ते', किंवा मग काहीच नाही.

हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी फक्त एक प्रश्न विचारला, जळजळीला काय घेता? तुम्ही म्हणालात, अक्का सोडा देते पाण्यातून.

नाना, ती गोळी पोटातल्या आंबटावर विरघळते. आंबट नसेल तर ती दगडासारखी जशीच्या तशी पुढे जाते. तुम्ही दिवसातून तीन वेळा गोळी घेत होतात आणि तीन वेळा ती सोड्यानं निकामी करत होतात. हे मी बोलले तेव्हा तुम्ही स्टुलावरून उतरलात. मग घरी जाऊन अक्कांना सांगितलंत, सोडा बंद. का, ते सांगितलं नाहीत. सांगणार तरी काय?

पुढच्या महिन्यातही उतार आला नाही.

मला उलगडा झाला तो एका शनिवारी, अक्कांच्या स्वयंपाकघरात. त्या तुमच्यासाठी ताक करत होत्या. घुसळून झाल्यावर त्यांनी फडताळातून डबी काढली, चिमूटभर पांढरं काहीतरी ताकात टाकलं, आणि ताक फसफसून वर आलं. त्या चमच्यानं ते खाली बसवत होत्या. मी बघते आहे हे दिसल्यावर म्हणाल्या, "त्यांना बोलू नकोस हं. रात्रंदिवस जळतं त्यांचं. पाण्यातून दिला तर घेत नाहीत, हट्टी माणूस. म्हणून ताकातून देते. वरणातही घालते थोडा."

मी आधी खोटंच बोलले. म्हटलं, अक्का, सोड्यानं ती गोळी लागू पडत नाही. नायटा बरा व्हायचा नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग नाही होत बरा. नायट्यापायी माणूस जळत ठेवू काय? नायटा चार महिने उशिरा जाईल. त्यानं कुणी मरत नाही."

त्यांचं बरोबरच होतं. नायट्यासाठी कुणी कुणाला जळत ठेवत नाही. तुमच्या थापेनं ती गोळी इतकी हलकी करून ठेवली होती की चिमूटभर सोडा तिच्यापेक्षा जड झाला होता. ताक तसंच ओट्यावर होतं, वरचा फेस बसत चालला होता. अक्कांनी पेल्यावर ताटली ठेवली आणि दुकानात न्यायला माझ्याच हातात दिला.

मी पेला ओट्यावर परत ठेवला आणि म्हटलं, "अक्का, नानांना नायटा नाही. त्यांना कॅन्सर आहे."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. त्याचा आवाज थांबल्यावर घर एकदम मोठं वाटलं. त्यांनी विचारलं, "कुठं?"

मी म्हटलं, आत. लघवीच्या पिशवीखाली. कमरेपर्यंत गेलाय. त्यावर ऑपरेशन असतं, पण नानांना ते नको आहे. ते ऑपरेशन काय असतं ते सांगताना मी ओट्याच्या फरशीकडे बघत होते. वर लिहिला तोच शब्द मी तेव्हा पहिल्यांदा तोंडानं मोठ्यानं म्हटला.

अक्का म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"माय गं. आमच्या फैजपूरला गोऱ्ह्याचं करतात, तो काय मरतो? चांगला नांगर ओढतो वर्षानुवर्षं." आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही, आणि पुढे होऊन बघायची माझी हिंमत नव्हती. मग त्यांनी ते ताक मोरीत ओतलं, पेला घासला, चप्पल घातली आणि दुकानाकडे गेल्या. दुपारच्या वेळी शटर अर्धं खाली असतं. त्या वाकून आत गेल्या. तुमचं काय बोलणं झालं ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. मी त्या दिवशी जळगावची आधीची गाडी पकडली.

पुढच्या शनिवारी मी येऊ की नको करत आले. तुम्ही स्टुलावर होतात. वर न बघता म्हणालात, "मिसबाई, मी तुला मुकी समजलो होतो."

त्यानंतर कितीतरी शनिवार आपण औषधांखेरीज काही बोललो नाही. तुम्ही आवळ्याची गोळी दिली नाहीत. मी ते समजून होते. पण अक्का आता प्रत्येक गोळीबरोबर आंबट ताक, लिंबू, कधी चिंचेचं सार पुढे ठेवायच्या आणि तुम्ही ते संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. तुमचा टॉवेल पुन्हा घरच्या टॉवेलांत आला. गावात मात्र काही सांगायचं नाही असं तुमचं ठरलं असावं, कारण टाकळ्याचा पाला येतच राहिला, आणि अक्का तो घेऊन शेळीला घालायच्या.

आणि रक्तात उतार आला. पाठ सुटली. थंडीच्या दिवसांत एका शनिवारी तुम्ही मला सोडायला स्टेशनवर चालत आलात, रिक्षा न करता. कपाशीच्या गाठी लादलेला एक ट्रक फाटकात अडकला होता, तो निघेपर्यंत आपण थांबलो. फलाटावर गाडीची वाट बघत असताना तुम्ही अचानक म्हणालात, "तू सांगायला नको होतंस."

"मग गोळी लागू पडली नसती," मी म्हटलं.

"ती गोष्ट वेगळी."

मी काही बोलायच्या आत गाडी आली. तुम्ही माझी पिशवी खिडकीतून आत दिलीत, आणि पिशवीबरोबर एक आवळ्याची गोळी. आपलं भांडण तिथं थांबलं, संपलं नाही. ती गोष्ट वेगळी कशी, हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. एक माणूस जगतो की नाही ही एक गोष्ट, आणि आपलं जगणं कुणाच्या ओठावर असावं हे ठरवायचा त्याचा हक्क ही दुसरी. असं काहीतरी तुम्हाला म्हणायचं असणार. मी जळगावपर्यंत उत्तर जुळवत गेले. मी माफी मागणार नव्हते, आजही मागत नाही. फक्त, तुम्ही मला विश्वासानं दिलेली एकच गोष्ट मी खर्चून टाकली, आणि ती खर्चल्यामुळेच तुम्ही मला सोडायला स्टेशनपर्यंत चालत येऊ शकलात. या दोन्हींचा मेळ मला अजून लागत नाही.

त्यानंतर तुम्ही पुन्हा केळ्याची गोष्ट काढलीत. दुकानातली एक पट्टी माझ्या पिशवीत टाकलीत. मी सरांना विचारून तुमच्या गोळीतलं औषध आमच्या बुडबुड्यांत भरून पाहिलं. तुम्हाला द्यायला नाही, नुसतं बघायला. चरबीत मिसळणारं औषध, छान बसलं. मी त्यातलं थोडं एका छोट्या बाटलीत भरून चाळीसगावला आणलं. तुम्ही ती बाटली उजेडात धरलीत. आत दुधाळ पाणी.

"एवढंच? हे तर ताक आहे," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, यातला एकेक बुडबुडा डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते दुधासारखं दिसतं. कधीतरी असं होईल की नायट्याचं औषध यात बसून थेट गाठीपाशी जाऊन उतरेल. पोट जळणार नाही, कुणाला सोडा लागणार नाही. पण त्याला वेळ आहे.

"किती?"

मी म्हटलं, खूप. खोटं बोलता आलं असतं. तुम्ही मान हलवलीत, जसं गिऱ्हाईक 'औषध नाही' असं ऐकल्यावर हलवतं, आणि बाटली दुकानाच्या फ्रिजमध्ये इन्शुलिनच्या शेजारी ठेवलीत. त्यानंतर दर शनिवारी तुम्ही ती काढून मला दाखवायचात. पहिल्या आठवड्यात तसंच होतं. दुसऱ्या आठवड्यात तळाशी थोडं बसलं होतं. "नासलं," तुम्ही म्हणालात, पण टाकून दिलं नाहीत.

गोळीचा जोर कधीतरी ओसरतो, हे मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलंही होतं. तो ओसरला. पाठदुखी परत आली. तेव्हा तुम्ही स्वतःहून अक्कांना म्हणालात, चल, ते करून टाकू. मला सांगताना तुम्ही खोक्यांकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलंत. "अक्का म्हणते नांगर ओढता येईल," तुम्ही म्हणालात. "म्हातारपणी कामाला लागेन." धुळ्याची तारीखही ठरली होती. त्याच्या आधीच एका सकाळी दुकानाचं कुलूप काढायला वाकलात आणि तुमचं हृदय थांबलं. ज्या हृदयाला जपायचं म्हणून ही गोळी आली होती, तेच.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. परवा शनिवारी मी तुमच्या स्टुलावर नाही, आतल्या बाकावरच बसले होते. सुधीरदादा काउंटरवर, अक्का पहिल्यांदाच दुकानात बसल्या होत्या, मागच्या दाराशी खुर्चीवर. एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला उपरणं, हातात तुमच्याच दुकानाची जुनी पिशवी. त्यांनी काही मागितलं नाही, नुसते उभे राहिले. मागे आणखी दोन-तीन माणसं होती. सुधीरदादानं विचारल्यावर ते हळूच म्हणाले, "नाना नायटाघाई गयात ना? बठ्ठा तेच सांगतस. मन्हं बी तेच शे. मी बी जासू का?"

नायट्यानं आपणही जाऊ का, असं ते विचारत होते. सुधीरदादा माझ्याकडे बघत नव्हता, अक्कांकडेही नाही. म्हाताऱ्यांचा हात कमरेशी धोतरावर गेला आणि लाजून परत आला. त्यांना खरंच भीती वाटत होती, नाना. त्यांनी रात्री जागून काढल्या असतील. तुम्ही सोडलेली बातमी त्यांच्या अंगावर बसली होती.

मी उठून काउंटरपाशी गेले. खोकल्याच्या बाटल्यांच्या पुढे.

"बाबा," मी म्हटलं, "नायट्यानं कुणी जात नाही. नानांना नायटा नव्हता. त्यांना पुरुषांना होतो तो कॅन्सर होता, लघवीच्या जागेचा. नायट्याचीच गोळी त्यालाही चालते, म्हणून ते ती घेत होते. गेले ते हृदयानं."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. मागची माणसं पुढे सरकली. मी मागे वळून पाहिलं नाही. अक्का काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मग त्यांनी मलाच विचारलं, "मंग नानानी काबरं नही सांगं?"

मागून, खुर्चीवरून, अक्का म्हणाल्या, "लाजले ते."

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या धोतराकडे, आणि हसले. तोंडात दात थोडेच होते. "मी बी लाजनू," ते म्हणाले. "सालभर."

सुधीरदादानं त्यांना समोरच्या डॉक्टरांचा दवाखाना दाखवला, आधी दाखवून या म्हणाला. ते चिठ्ठी घेऊन परत आले तेव्हा पट्टी मी दिली. सांगितलं, जेवल्यावर घ्या, आणि पोट जळलं तरी वरून सोडा घेऊ नका. आंबट काहीतरी घ्या. "चिच चाली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल.

ते गेल्यावर मी फ्रिज उघडला. बाटली इन्शुलिनच्या शेजारी तशीच होती. चरबी वर आली आहे, औषध तळाला बसलं आहे, मध्ये नितळ पाणी. ती मी धुळ्याला घेऊन आले आहे. उद्या पुन्हा भांडं फिरवायला लावीन.

परवा मी तुमची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, अख्ख्या गावासमोर, आणि या वेळी तुम्ही वर न बघता काही म्हणायलाही नव्हतात. तुम्ही म्हणाल, सांगायला नको होतंस. मी म्हणेन, मग त्या म्हाताऱ्यांना झोप लागली नसती. तुम्ही म्हणाल, ती गोष्ट वेगळी.

म्हणा, नाना. मी या वेळी गाडी जाऊ देते. बोला.